मागची खोली गरीब असल्याबाबत

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
ग्रामीण कुटुंब पाहणी कार्यालय.

विषय : एकाच घरातली पुढची खोली सधन व मागची खोली गरीब असल्याबाबत.
संदर्भ : फेरपाहणीच्या वेळी रुग्णास हजर ठेवण्याबाबत आपले पत्र.

महोदय,

१. ज्या वर्षी माझ्या मुलाचे लग्न ठरले, त्या वर्षी व्याह्यांना दाखवायला आमच्या पुढच्या खोलीवर स्लॅब पडला. मागे व्याही येणार नव्हते, म्हणून तिथले गळके पत्रे तसेच राहिले. स्लॅब पाहून त्यांनी मुलगी दिली. ती आता पत्र्याखाली राहते. त्याच वर्षी आपले कर्मचारी आले. त्यांना पुढच्या खोलीत खुर्ची दिली. त्यांनी वर पाहिले आणि घर सधन लिहिले. खुर्चीवरून तेवढेच दिसते, त्यांचा दोष नाही.

२. घरात वाहन आहे, हे खरे आहे. मोटारसायकलवर दूध जाते, यजमान जातात, मुलगा जातो. माझी विधवा धाकटी जाऊ छातीत दुखत असताना दवाखान्यात चालत गेली. सगळे पोटभर जेवतात का, या प्रश्नावर यजमान म्हणाले, "जेवतात की!" तेही खोटे बोलले नाहीत. आम्ही तिघी उरलेले वाटून घ्यायला बसायचो तेव्हा ते झोपलेले असायचे.

३. घर सधन म्हणून जावेला मोफत उपचाराचे कार्ड मिळाले नाही. यजमानांना खर्चाचे विचारले, तर म्हणाले, "मग काय म्हैस विकू?" म्हैस दूध देते, त्यामुळे विषय तिथेच मिटला. मी फेरपाहणीचा अर्ज घेऊन आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "आजी, घर एक, चूल एक, मग गरिबी वेगळी कशी?" घरी येऊन हे जावेला सांगितले. ती हसली. म्हणाली, "जाऊबाई, त्यांना सांगा, चूल आपलीच आहे. घर तेवढं पुरुषांचं."

४. तरी फेरपाहणी रद्द करू नये, ही विनंती. येणाऱ्या साहेबांनी मागच्या दाराने यावे. तिथे खुर्ची नाही, पाट पुसून ठेवते. जेवणाच्या वेळी यावे, म्हणजे आमच्या. मी हजर असेन, सूनही असेल. तिला परवापासून खोकला आहे.

५. रुग्णास हजर ठेवणे मात्र जमणार नाही. माझी धाकटी जाऊ ११ जूनला, आपले पत्र येण्याच्या आदल्या दिवशी, पहाटे वारली.

आपली नम्र,
मागच्या खोलीतली थोरली
(सही स्वतःची आहे)
१७ जून