साडेनऊ रुपयांचं कॉफीयंत्र

जालना,
२ फेब्रुवारी १९५८

प्रिय द्वारका,

तुझं कार्ड पोचलं. ते आईच्या नावाने होतं, पण आपल्या घरी कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग मी, आणि उरलंसुरलं तुझ्या आईच्या वाट्याला येतं. त्यामुळे तेरा तारखेला तुम्ही दोघं मुंबईला जाताना सकाळच्या गाडीनं जालन्यावरून जाणार, गाडी इथे दहा मिनिटं थांबते आणि 'आई, तेवढ्यात फलाटावर भेट होईल' ही बातमी सदर बाजारापर्यंत गेली आहे. चार वर्षांनी दहा मिनिटं! उतरणार नाही असं तू लिहिलेलं नाहीस. पण दहा मिनिटं लिहिलीस, त्यात ते आलंच.

तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. शाळेत परवा एका पोराची वही उलटी धरून तपासली आणि त्याला पास केलं. साप्ताहिकाचे संपादक लेखासाठी मागे लागलेत. त्यांना कळवलं, सध्या मी यंत्रसामग्रीच्या खरेदीत आहे. ते खोटं नाही. मी कॉफीच्या बिया दळायचं यंत्र घेत होतो. हसून घे, मी थांबतो.

तुझी आई म्हणाली, "कशाला यंत्र? जात्यावर दळून देते की मी." म्हटलं, त्या जात्यानं तीस वर्षं ज्वारी खाल्लीय, कॉफीला भाकरीचा वास येईल आणि भाकरीला कॉफीचा. तर म्हणते, "पोरगी खिडकीतून हात बाहेर काढंल तवर गाडी हालंल. तुमचं यंत्र काय इंजिनाला जोडता?" माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी तुझ्या आईला ऐकलेलं नाही.

पन्नालालच्या दुकानात अशी दोन यंत्रं आहेत; कुणा अंमलदारासाठी हैदराबादहून मागवली आणि त्याची बदली झाली. एक मोठं, बिडाचं, टेबलाला आवळायचं, चाक फिरवलं की भराभर पूड पाडणारं. बावीस रुपये. दुसरं म्हणजे लाकडी डबी, वर दांडी, खाली खण, गुडघ्यांत धरून फिरवत बसायचं. साडेनऊ. मी चार दिवसांत चार चकरा मारल्या. पन्नालाल म्हणाला, "मास्तर, बडा घ्या. छोट्यानं हात दुखतील, मंग मलाच पेपरात घालाल." चौथ्या दिवशी मात्र त्याचा धीर सुटला. "पोरीसाठी स्थळ बघताना तरी एवढ्या चकरा मारल्या होत्या का मास्तर?" मी म्हणालो, नाही. स्थळ तूच बघितलं होतंस, हे त्याला मी कशाला सांगू?

मग यंत्र चालवून दाखवतो म्हणून त्यानं मूठभर धने उचलले. द्वारका, मी भर दुकानात ओरडलो आणि त्याचा हात धरला. गिऱ्हाइकं बघत राहिली. "मास्तर, धनेच हाय, जहर न्हाई," तो म्हणाला. मी म्हटलं, यात काहीच पडता कामा नये. काहीच.

तुला आठवत असेलच. शेषाद्री पहिल्यांदा आपल्या घरी आले, तुला मागणी घालायला, तेव्हा सिकंदराबादेहून भाजलेल्या बियांचा डबा घेऊन आले होते. आपल्या घरी चहा सोडून दुसरं काही उकळत नसे. मी उठलो आणि डबा घेऊन कडूबाच्या पिठाच्या गिरणीत गेलो. तुझ्या आईनं कॉफी केली. पहिल्या घोटाला त्यांचे डोळे लाल झाले, कपाळावर घाम आला, तरी त्यांनी पेला संपवला आणि आपल्या मराठीत म्हणाले, "फार छान आहे." मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही दोघं निघून गेलात. कडूबानं मिरचीवर कॉफी दळली, ही गोष्ट मी गावभर सांगितली, साप्ताहिकात 'ठसका' नावाचा लेख लिहिला, मानधन घेतलं. वर्षभर लोक कडूबाला विचारत होते, "आज काय, मिरचीची कॉफी का कॉफीची मिरची?" तू एवढंच लिहिलंस, "आप्पा, चूक कडूबाची होती, पण हसलात तुम्ही."

चूक कडूबाची नव्हती. मिरची दळून झाली की गिरणीत अर्धी पायली ज्वारी टाकून ती साफ करतात, मग पुढच्याचं दळण. त्या दिवशी त्यानं मला थांबवलं होतं. "मास्तर, जरा दम धरा, आत्ताच मिर्ची झाली. ज्वारी टाकतो, मंग घ्या." मी म्हणालो, तसंच टाक. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि टाकलं. चार वर्षं त्यानं कुणाला सांगितलं नाही. काल मी गिरणीत जाऊन म्हटलं, द्वारकाला लिहितोय. पिठानं पांढरा झालेला तो माणूस म्हणाला, "लिवा. पण पावण्यानं पेला खाली ठिवला न्हाई म्हणं. मानूस पक्का हाय." आईलाही काल सांगितलं. तेव्हापासून तिनं ताटात लोणचं वाढायचं तेवढं बंद केलंय.

यंत्र घेतलं. छोटं. खिशात बावीस रुपये होते, तरी छोटं, म्हणून पन्नालाल मला चिक्कू म्हणतोय. म्हणू दे. घरी घड्याळ समोर ठेवून बघितलं, दोन पेल्यांची पूड व्हायला चौदा मिनिटं लागतात. तुमची गाडी दहा मिनिटं थांबते. मी फलाटावर बाकावर बसेन आणि गाडी लागली की दळायला घेईन. जावईबापूंना सांग, या यंत्रात आजवर कॉफीशिवाय काही पडलेलं नाही. आणि वरचा मजकूर त्यांना वाचून दाखव, शब्द न गाळता. शिट्टी होईल तेव्हा माझं दळण अर्धं राहिलेलं असेल. पुढचं त्यांनी ठरवायचं. ट्रंक उतरवून घ्यायला कडूबा येणार आहे.

तुझाच,
आप्पा