हिरवं कोरल अजून उघडते

१७ एप्रिल
मनीचा फोन. "दादा, जांभळं कोरल मेलं वाट्टे." फोटो पाठवला. मांस सुटून गेलं, पांढरं हाड उघडं. परवा चांगलं होतं.
माशाच्या दुकानात कामाले हाय, मेलेले कोरल लय पाह्यले. पण हे माहे हायेत. शेठ तुटके तुकडे फेकते ते म्या मागून घेतले, दिवाळीले पिशवीत भरून पुण्याहून वरवट बकालपर्यंत बसनं, मंग ॲटोनं गावात. पोट्टे पाह्याले येत. "समुद्र आला बे यायच्या घरी." बाबा तं किडनीचं निघाल्यापासून कामावर जात नाई, पेटीसमोर खुर्ची टाकून बसते. पेटी म्हणते टँकले.
मनीले म्हटलं घाबरू नको. मीच घाबरलो.

१८ एप्रिल
लाईट गेली होती का? "रोजच जाते दादा. मोटर बॅटरीवर चालू असते." मंग ऊन. "बर्फाची बाटली सोडतो ना आमी दुपारी." बोट घालून पाह्यलं तिनं, कोमट नाई.
फवारणी नाई. डासाची कॉइल नाई. साबणाचे हात नाई. मंग काय, हवा लागली का त्याले.
शेठले विचारलं. तो म्हणे, आधी कोण मेलं?
मनी म्हणे टँकमधली गोगलगाय. "मले वाटलं झोपली."
शेठ: "गोगलगाय आधी गेली म्हणजे पाण्यात काहीतरी पडलंय. घरी इचार, मले नको इचारू." माह्या बोलीची नक्कल करते नेहमी. आज हसलो नाई.

२० एप्रिल
सापडलं! बाबानंच टाकलं. बोअरचं पाणी, दोन-तीन मग भरून.
"समुद्राचं जनावर ना बे ते? त्याले खारंच लागते. आपल्या बोअरच्या पान्यात साबनालेबी फेस येत नाई, इतकं खारं. म्हटलं कॅनचं कायले वाया घालवा."
लय हसलो. शेठबी हसला. प्लांटवरच्या गोड्या पाण्याची कॅन घरात एकट्या बाबाची. डॉक्टरनं बोअरचं बंद केलं तवापासून. आई न मनी अजून बोअरचंच पेते. त्याच्यातून टँकले द्याचं म्हणजे बाबाच्या जिवावर आलं असन.
समजावून सांगतलं. बाबा, टँकमधलं पाणी उडते, मीठ मागंच राह्यते. म्हणून वरून गोडंच टाकाचं.
"मंग आत गेलेलं मीठ निंघत नाई?"
"नाई ना. पाणीच बदलावं लागते."
बाबा म्हणे, "डाक्टरबी असंच कायतरी बोलला होता."
मनीले सांगतलं, अर्धं पाणी काढ, नवीन कॅन फोड, पुडीतलं समुद्राचं मीठ कालव, टाक. आज पोटभर जेवलो.

२२ एप्रिल
उलटं झालं. पाणी बदललं न आणखी बिघडलं. बटनासारखे कोरल सारे मिटले, बुडातून भुरकट शेंबूड सुटला. एकटं हिरवं उघडं हाय.
"कॅनचंच टाकलं ना मने?"
"तुही शपथ दादा. सील म्याच तोडलं."
शेठले सांगतलं. नक्कल नाई केली. म्हणे, "मग कॅनचं पाणी तपास. मीटर आहे ना तिकडे?"
हाय. पेनासारखं, पाण्यात बुडवलं की क्षाराचा आकडा दाखवते. मीच ठेवून आलो होतो टँकखाली.
पण दिवसभर फोन केला नाई. हातात घेतला, ठेवला. मोजलं नाई तोवर ते गोडंच हाय. कॅन कोरलसाठी थोडीच लावली होती.

२३ एप्रिल
व्हिडिओ कॉल. मनीनं मीटर आधी बोअरच्या पाण्याच्या भांड्यात बुडवलं. आकडा भसकन वर. धुतलं, पुसलं, कॅनच्या पाण्यात. मीटर डोळ्याजवळ नेलं.
"मने, वाच."
"दादा, तेवढंच हाय."
"पुन्हा पुसून घाल."
"पुसलं ना. थंडं हाय, बस. बाकी तेच हाय."
तिच्या मागं बाबा दिसे. खुर्चीवर. तळहातावर गोळी. आईनं कॅनमधून गडवा भरून देल्ला. मी वरडलो, "मने, बाबाले…" तिनं वळून पाह्यलं तोवर गडवा वर झाला होता. गळ्याची घाटी हालली. गेलं आत.
"काय झालं बे? समजलं का जांभळ्याचं?"
"नाई बाबा. पाहून राह्यलो."

२४ एप्रिल
मनी प्लांटवर गेली होती. तिथला म्हणे, "मशीन चालू हाय, पानी थंड हाय, अजून काय पाह्यजे बाई?" आतली मीठ गाळाची जाळी कवा बदलली, त्याले माहीत नाई. शेठ म्हणते जाळी फाटली तरी पाणी येतंच, थंडबी होते. "पण तुमच्या जिभेला कळत नाही?"
नाई कळत. त्याच पाण्यावर वाढलो. आमच्या जिभेले थंडं म्हणजे गोडं.
शेजारचे गुलाबकाका, आता नाईत ते, डायलिसिसले खामगावले जात. माहा शेवटचा फोन त्यायले झाला तवा म्हणत होते आता बरं वाट्टे, कॅन लावली.
आईनं कॅन उलटी करून ठेवली. बाबासाठी मनी वरवटहून बाटल्या आणते. उद्या त्यायचं रक्त तपासाले खामगाव. बाबा विचारे, "तारीख तं फुडच्या महिन्यात होती, आत्ताच काऊन?" मनीनं सांगतलं डॉक्टर गावाले चालला. चांगलं सांगतलं.
किती महिने असन हे? सहा? लावली तवापासूनच?

२५ एप्रिल
गावाच्या बसमध्ये. शेठनं दुकानातल्या पाण्याच्या दोन कॅन देल्ल्या, पैसे घेतले नाई. म्हणे "आधी वडलांना." एक पायात, एक मांडीवर.
कंडक्टर म्हणे, "पुन्याचं पानी घेऊन चालला का बे? तिकडं पानी नाई काय?"
"हाय."
"मंग?"
खिडकीकडं पाह्यलं.
सकाळी बाबाचा फोन होता. रक्त देऊन खामगावच्या स्टँडवर बसले होते. "येऊन राह्यला तं ये. पन घोर नको करू लेका. निंघाच्या आधी पाह्यलं म्या, हिरवं अजून उघडते." पायावर सूज येते का विचारलं तं म्हणे थे काय, बसून बसून येते.
सूज कवापासून? मले कोणी सांगतलंच नाई.

मेहकर. बस थांबली. मनीचा एक फोटो आला. रेंज नाई, गोल फिरून राह्यलं. धुरकट दिसते नुसतं. रक्ताच्या रिपोर्टाचा कागद हाय का टँक हाय समजत नाई. मधोमध कायतरी हिरवं वाट्टे. का मीच तसं पाहून राह्यलो.