दहा मिनिटांचा फलक न बदलण्याबाबत

दिनांक : ११ मार्च

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रवासी माहिती विभाग, विमानतळ

विषय : आगमन कक्षातील वेळापत्रकाच्या फलकाची, माझ्याच तक्रारीवरून मंजूर झालेली दुरुस्ती थांबवण्याबाबत.

संदर्भ : माझा मागील तक्रारअर्ज व त्यावरील आपले तत्पर उत्तर (एवढी तत्परता अपेक्षित नव्हती).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो, की मी दातांच्या कवळ्या बनवतो आणि आपल्या गावी एकट्या राहणाऱ्या एका बाईंचा जावई आहे. आपल्या व आमच्या विमानतळांत चौदाशे किलोमीटर अंतर असून विमानाला दोन तास दहा मिनिटे लागतात. मात्र आमच्याकडची घड्याळे आपल्यापेक्षा दोन तास पुढे. त्यामुळे आपल्या फलकावर 'तिकडून निघणे दहा, येथे पोहोचणे दहा वाजून दहा' असे दिसते.

सासूबाईंची उभी हयात कारखान्याच्या फाटकावर कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडण्यात गेली. वजाबाकी त्यांच्या हाडीमासी खिळली आहे. लेक दहा मिनिटांवर राहते आणि तरी सकाळच्या चहाला येत नाही, म्हणजे जावईच सोडत नाही, असा निकाल त्यांनी लावून टाकला.

समजावून मी थकलो. दहा मिनिटांत चौदाशे किलोमीटर कसे, असे विचारले तर "विमान आहे ते, सायकल नव्हे!" मग परतीला चार तास दहा मिनिटे का दिसतात? तर "माहेरी येताना पाय झपाझप पडतो, जाताना जड होतो. विमान झालं म्हणून काय?" एकदा त्या स्वतः आमच्याकडून विमानाने परतल्या, पण पट्टा बांधताच झोपल्या. उतरल्यावर कक्षातल्या घड्याळात दहा वाजून दहा, मनगटावर, लेकीने आमच्या वेळेला लावून दिलेल्या घड्याळात, बारा वाजून दहा. बिघडले म्हणून मनगटावरचे घड्याळ खणात गेले. ज्या कवळीने त्या मला बोल लावतात ती माझ्याच हातची आहे, हे केवळ माहितीस्तव. अखेर मेटाकुटीला येऊन, फलकावर खरी प्रवासवेळ लिहावी असा अर्ज मी केला.

परंतु सासरे गेल्यापासून सासूबाई गुडघ्याचे ऑपरेशन टाळत होत्या. "काही झालं तर जवळ कोण आहे माझ्या?" हेच पालुपद. परवा त्या आपणहून डॉक्टरांकडून तारीख घेऊन आल्या. कारण विचारता फोनवर म्हणाल्या, "लेक दहा मिनिटांवर आहे, घाबरायचं कशाला?" फोन ठेवून माझी पत्नी रडली. त्यानंतर माझ्या मागील अर्जाविषयी ती जे बोलली ते येथे नमूद करणे उचित नाही.

सबब विनंती, की ऑपरेशन होऊन सासूबाई हिंडूफिरू लागेपर्यंत फलकाला हात लावू नये. त्या दर गुरुवारी काठी टेकत येऊन तो डोळ्यांखालून घालतात. खिडकीवर त्यांनी काही विचारलेच, तर आपल्या कर्मचाऱ्यांनी फलकाकडे बोट दाखवावे आणि ज्ञान पाजळू नये.

"उगीच गर्दी नको, लागलं तर बोलावीन," असे सांगून त्यांनी आम्हाला ऑपरेशनला येण्यास मनाई केली आहे. तरी आम्ही आदल्या दिवशीच गुपचूप येऊन दवाखान्याच्या मागच्या गल्लीत खोली घेणार आहोत. त्यांनी बोलावले, की लेक दहा मिनिटांत त्यांच्या खाटेशी हजर असेल. आपला फलक खोटा पडणार नाही, एवढी हमी आम्ही देतो.

आपला, तक्रार मागे घेणारा नम्र,
(सही)
कवळीवाला जावई

वाचून सहमत : (सही) लेक

सोबत : आपल्या मंजुरीपत्राची प्रत (रद्द करण्यासाठी).