तुमच्या मोटारीचा नवा स्टार्टर

आप्पा, तुमच्या मोटारीचा स्टार्टर गेला. पायानं बटण दाबलं की इंजिनाला पहिला धक्का देतो तो, तुमचा लाडका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मोटार निपाणीत आपल्याच अंगणात उभी आहे, कागदोपत्री माझी आहे, आणि गाव तिला आजही 'दाजींची मोटार' म्हणतं. दाजी म्हणजे तुमचे जावई, आक्काचे यजमान. तुम्हाला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. मुलाची करून द्यावी लागेल कदाचित. तर या खेपेला मी ठरवलं की दाजींना बोलवायचं नाही. स्टार्टर आपण स्वतः बदलायचा. त्याआधी मी मोटारीचा एक नटसुद्धा कधी फिरवला नव्हता, आणि त्याचं श्रेय तुमचं.

खंडेनवमीचा दिवस आठवतो. अंगण सारवलेलं आहे, मोटारीच्या गळ्यात झेंडूची माळ आहे. तुम्ही आणि दाजी बॉनेटखाली डोकी घालून उभे आहात, दोघांची धोतरं सारखीच काळी झालेली. मी पूजेचं तबक धरून मागं. तुम्ही तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेता आणि मारुतीला लावावा तसा स्टार्टरला लावता, मग त्याच्या बैठकीभोवती बोट फिरवता. दाजींना म्हणता, "ह्यो फिरला तर सगळं फिरतंय बघा." मी मागून म्हणतो, "मलाबी दावा की, आप्पा." तुम्ही वळूनही बघत नाही. "तू तबक सरळ धर. तेल सांडंल." माझं यंत्रशिक्षण तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं. पुढं मी साप्ताहिकांतून लोकांच्या टोप्या उडवण्याचा धंदा धरला, त्यात तेल सांडलं तरी चालतं.

लढाईमुळं नवा माल कुठं मिळत नव्हता. बेळगावच्या कॅम्पाजवळ एका भंगारवाल्याकडून स्टार्टर आणला, कुठल्याशा साहेबाच्या मोडक्या गाडीतला. अंगणात पोतं अंथरलं, पाने मांडले. बायको दारात येऊन म्हणाली, "अवो, दाजींस्नी निरोप धाडू का?"

"मी मेल्यावर धाड."

"तवा तरी मोटार चालू पायजे न्हवं, न्यायला?"

मी पाना लावला आणि एवढी मोठी ठिणगी उडाली की दोन पावलं मागं सरलो. बॅटरीची तार आधी सोडायची असते, हे तबकात कुठं लिहिलेलं नव्हतं. बायको पाण्यानं भरलेली घागर आणून माझ्याशेजारी ठेवून गेली. तार सोडली, पोत्यावर उताणा पडलो, बोल्ट काढले, आणि स्टार्टर सरळ छातीवर आला. तो बाजूला सारून वर बघतो तर बैठकीभोवती तुमचा शेंदूर. वर्षानुवर्षांचा थर, वाळून दगड झालेला, आणि त्यावर बोट फिरवल्याची खूण. तो खरवडायला माझा हात धजला नाही. देवाला लावलेला शेंदूर कुणी खरवडतं का? फडक्यानं नुसता पुसला, नवा स्टार्टर त्यावर बसवला, बोल्ट आवळले, तार जोडली आणि बटण दाबलं. खट् झालं. मग काहीच नाही.

नेमके तेव्हाच दाजी आले. चिकोडीहून परतताना सहज डोकावले म्हणे. माझे काळे हात बघितले, कट्ट्यावर बसले, तंबाखू मळायला लागले. "पाव्हणं, हात लावू का?"

"नको."

"बरं."

बस्स, तेवढंच. आग्रह केला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांच्या या चांगुलपणानं मला आजवर किती छळलंय म्हणून सांगू. शेवटी मीच विचारलं, "आप्पांनी सगळं तुमालाच का शिकिवलं हो?"

दाजींनी चुना लावायचा थांबवला. "मीबी इचारलं हुतं त्यास्नी. म्हनले, पोराला दावावं लई वाटतंय, पर त्येच्या जिभंचं भ्या वाटतंय. माज्या हातनं येक नट निसटला तर म्हैनाभर गावाला हसवंल."

आप्पा, एवढं ऐकून माझं मन निवायला हवं होतं. निवलं नाही. शिकवायचं होतं तर मला सांगायचं, भीती वाटत होती तर मला सांगायचं. मी काही बोललो असतो, तुम्ही एक ठेवून दिली असती, आणि आपण दोघं पोत्यावर आडवे पडलो असतो. पण माझ्याविषयी जे काही वाटलं तेसुद्धा तुम्ही दाजींच्याच हवाली केलंत. मोटार निदान माझ्या अंगणात तरी आहे.

दाजी गेले. मी स्टार्टर पुन्हा उतरवला आणि स्वयंपाकघरातलं उलथनं आणून तो शेंदूर खरवडायला लागलो. मोटार दुरुस्त करायची म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. संताप आला होता म्हणून. तुमचं बोट, तुमची खूण, सगळं खपली खपली होऊन तोंडावर पडत होतं. खाली लखलखीत लोखंड निघालं आणि मग डोक्यात उजेड पडला. साहेबाच्या स्टार्टरची कड जुन्यापेक्षा रुंद, ती तुमच्या थरावर टेकत होती. लोखंडाला लोखंड भिडत नव्हतं, आणि ते भिडल्याशिवाय वीज फिरत नाही. बसवला, आवळला, बटण दाबलं. मोटार अशी गुरगुरली की शेजारची म्हैस दावं तोडू लागली.

एवढं सांगायचं होतं. दाजींना अजून कळवलेलं नाही. काल आक्का विचारत होती, तर "बघतोय अजून" म्हणालो. त्यांना कळलं की ते मनापासून खूश होतील आणि ती गोष्टही त्यांची होऊन जाईल. तूर्त तिच्यात तुम्ही आणि मी, दोघंच आहोत, आणि मला ते फार आवडतंय. पत्र काही धाडत नाही. तुम्ही आता कुठं असता ते बहुधा दाजींना ठाऊक असेल, पण त्यांना विचारायची माझी अजून तयारी नाही.