शुक्रवारच्या आत प्रिंटर

४ मार्च, सोमवार
बायको सकाळी बहिणीकडे गेली, शुक्रवारी येणार. जाताना बजावलं, प्रिंटरला हात लावायचा नाही. शनिवारी शाळेच्या नाटकाचे कपडे बेतायचेत, तिची पहिली मोठी ऑर्डर, आणि कागदी पॅटर्न त्यावरच निघतात. प्रिंटर म्हातारा आहे, त्याचं हेड आता बाजारात मिळत नाही, वगैरे. मी मान डोलावली.
पण काळी शाई संपत आली होती. ड्रॉवरमधली नवी कार्ट्रिज बसवून टाकली. आल्यावर बघून गहिवरेल. या घरात यंत्राची जाण फक्त मला आहे.
सासूबाई म्हणाल्या, त्या डबीवरची पिवळी पट्टी तशीच राहिली की. मी समजावलं, कंपनी उगाच काही चिकटवत नाही.

५ मार्च, मंगळवार
टेस्ट प्रिंट. पहिल्या दोन ओळी ठळक, तिसरी फिकट, पुढे कोरा कागद. घाबरण्याचं कारण नाही. निदान झालं आहे: हेड, म्हणजे शाई फवारतो तो भाग, चोंदलंय. क्लीनिंग लावलं. परत तेच. डीप क्लीनिंग लावलं. प्रिंटर बराच वेळ कण्हला आणि कोरा कागद माझ्या अंगावर फेकला.
संध्याकाळी बायकोचा फोन. कसा आहे, विचारलं. मी लगेच सांगितलं, एकदम ठणठणीत, फर्स्ट क्लास चालू आहे. ती म्हणाली, आईच्या गुडघ्याबद्दल एवढ्या जोरात का सांगतोयस?
तळहाताला घाम. उकाडा वाढलाय.

६ मार्च, बुधवार
व्हिडिओतला माणूस हेड काढून कोमट पाण्यात ठेवतो. त्याची बायको शुक्रवारी येत नसणार. मी उकळतं घेतलं. पाणी काळंकुट्ट झालं, म्हणजे उपाय लागू पडतोय.
सासूबाईंनी विचारलं, दुधाचं पातेलं का घेतलं? आणि त्या पट्टीचं काय? मी म्हणालो, तांत्रिक बाबतीत तुम्ही पडू नका.
इतक्यात बेल वाजली. पातेल्यासकट बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली. पेपरवाला होता. तो गेल्यावरही बराच वेळ आतच होतो. भीतीने नाही. पाणी निवू नये म्हणून.

७ मार्च, गुरुवार
बायकोच्या हेअर ड्रायरने हेड वाळवलं. वरून कोरडं होतं. बसवलं. आत चर्र झालं, जळका वास आला आणि नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. प्लग काढला तरी मला तो दिसतोच आहे. जेवताना भातातसुद्धा दिसला.
दुकानांत फोन केले. एका दुकानदाराने मॉडेल ऐकून दुसऱ्याला हाक मारली आणि दोघे मिळून हसले.
बोटं काळी. साबण लावला, लिंबू लावलं, भांड्यांची पावडर लावली. आता कोपरापर्यंत काळी.
योजना: फुल शर्ट, हात खिशात, प्रिंटर वयोमानाने गेला. सासूबाईंना विश्वासात घेतलं. त्या म्हणाल्या, लेकीशी मी खोटं बोलणार नाही, पण तिने विचारलं नाही तर आपणहून सांगणारही नाही. फार धीर आला. तरी दोन घास कमीच गेले.

८ मार्च, शुक्रवार
बायको आली. बॅग घ्यायला धावलो, पण हात खिशात होते. तिने बॅग खाली ठेवली आणि सरळ प्रिंटरकडे गेली. प्लग लावला, झाकण उघडलं, कार्ट्रिज काढली, पिवळी पट्टी ओढून टाकली. म्हणाली, ही ठेवली की हवेचं भोक बुजतं, शाई उतरत नाही, हेडला काही झालेलं नसतं. बटण दाबलं.
नारिंगी दिवा.
पुन्हा दाबलं. पुन्हा दिवा. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, खिशातून हात काढ.
ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती खुर्चीत बसली. म्हणाली, उद्या बेतायला दोघीजणी येणार आहेत, त्यांना काय देऊ? सासूबाई पातेलं घासत होत्या. मुद्दाम मोठ्याने.

९ मार्च, शनिवार
पॅटर्न हाताने काढतोय. लॅपटॉपवर मापं बघायची, जमिनीवर पालथं पडून पट्टी-पेन्सिलीने उतरवायची. राजाची बाही दोनदा उलटी काढली. सासूबाई खोडरबर घेऊन शेजारी. त्या दोघीजणी कात्र्या घेऊन माझ्या डोक्याशी उभ्या.
बायको म्हणाली, यापुढे घरात काही बिघडलं तर मला सांगायचं. आणि बिघडलं नसेल तर आधी सांगायचं.

दुपारी
शिवणयंत्र जरा कुरकुरतंय. मी नुसतं बघितलं. स्क्रू ड्रायव्हर जागेवर नाही. सासूबाई आडव्या झाल्यात, एक हात उशीखाली.