बसायचा दांडा

दि. ११ फेब्रुवारी, दुपार

चि. ठकूस,

खूप आशीर्वाद. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, त्यामुळे मशीनला उसंत नाही.

आईच्या कोंबड्यांचं विचारलंस. सहाही तलंगा साडेपाच महिन्यांच्या झाल्या, तरी अंड्यांचा पत्ता नव्हता. तुरे फिके पडले, मानेवरची पिसं गेली. संध्याकाळ झाली की खुराड्यात जाईनात. दाराबाहेरच्या फरशीवर एकमेकींना चिकटून बसायच्या, नेमक्या त्याच फरशीवर. एकेकीला उचलून आत ढकललं की असा काही आवाज काढायच्या, की मी घरात येऊन रेडिओ मोठा करायचो.

पाच दिवसांपूर्वी एकीने अंडं घातलं, पण कवचच नव्हतं. हातात घेतलं तर ओल्या पिशवीसारखं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "पहिली अंडी अशी येतात कधीकधी. शिंपल्यांचा चुरा ठेवा. खरा त्रास वेगळाच दिसतोय." मग आत वाकून त्यांनी बसायच्या दांड्याच्या फटीत चाकूचं टोक फिरवलं. पातं लाल झालं. बारीक किडे, कोंबड्यांचं रक्त पिऊन फुगलेले. दिवसा फटीत लपतात, अंधार पडला की बाहेर येतात.

"हा दांडा कुणीतरी काढायला घेतला होता," त्या म्हणाल्या. "मग परत खिळे कुणी ठोकले?"

"मी," म्हटलं.

"का?"

त्यांना काही सांगितलं नाही. तुला सांगतो.

तू नर्स आहेस. आई गेली तेव्हा फोनवर तू दोनदा विचारलंस, "किती वेळ लागला, बाबा?" मी म्हणालो, चहा घेऊन आडवी झाली आणि झोपेतच गेली. ते खोटं होतं, ठकू.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली होती, "दांड्यात काहीतरी आहे, पोरींना चावतंय. माझ्या एकटीच्याने निघणार नाही, जरा हात लावा." मी येतो म्हणालो. साडेतीनला तिने हाक मारली. "अहो." मी मशीनवर बाही जोडत होतो. थोड्या वेळाने पुन्हा, पण या वेळी आवाज वेगळा होता. तो वेगळा होता हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ‘तुझ्या त्या कोंबड्या, सारखं काय,’ असं मनात आलं आणि मी पाय आणखी जोरात चालवला. दोन्ही बाह्या पूर्ण करूनच उठलो. साडेचार वाजले होते. ती खुराड्याबाहेरच्या त्याच फरशीवर पडली होती. अंग अजून गरम होतं. दांड्याचं एक टोक तिने एकटीनेच बाहेर काढलं होतं.

तिला उचलून पलंगावर ठेवलं. माणसं जमायच्या आधी दांडा जागेवर बसवून खिळे ठोकले. कुणी काही विचारू नये म्हणून. ते किडे मीच आत कोंडले.

आता दांडा जाळला. खुराडं उकळत्या पाण्याने धुतलं, फटी बुजवल्या, नवा दांडा बसवला. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध आठवड्याने पुन्हा फवारायचं आहे. कालपासून तलंगा आपल्या आपण आत जातात.

मशीन मात्र मी परसातल्या दाराशी आणून ठेवलंय. रोज साडेतीनला हाक येते. मी उठून जातो. तिथे कुणी नसतं. तरी जातो.

त्या तासाभरात ती वाचली असती का, हे तुलाच माहीत असेल. खरं काय ते लिही, माझ्याकडे बघून कमी करू नकोस. नाही लिहिलंस तरी ते मी उत्तरच समजेन.

पत्राखाली "तुझे बाबा" असं लिहीत आलो. आज हात धजत नाही. ती जागा कोरी ठेवतो आहे.

—