नाव यादीत चढेपर्यंत

७ नोव्हेंबर, गुरुवार
ऑर्केस्ट्रा बंद. मालकानं फोनवरच सांगितलं, गाडी विकली म्हणे. सहा वर्षं नाचले त्याच्या स्टेजवर, निरोप दोन मिनिटांत. घरी बोलले नाही. घरी तसंही मी 'कार्यक्रमाच्या कामाला' जाते, एवढंच. काय काम ते बाबा विचारत नाहीत, मी सांगत नाही. मेहकरात निम्म्या गल्लीला माहीत असेल, पण तोंडावर कोणी काढत नाही. असंच चाललं.

दुपारी शोभाताईंना फोन लावला. त्यांचं कला केंद्र जालना रोडला, जिल्ह्याबाहेर. रोज लावणीची बैठक. "ये ना," म्हणाल्या, "तुझ्यासारखी बाई मला पाहिजेच. पण कागद लागतील. नाव सरकारी यादीत चढल्याशिवाय मी कोणाला घुंगरू बांधू देत नाही."
कागद: वयाचा पुरावा, रहिवासी, पो. स्टे.चा चारित्र्याचा दाखला, स्वतःच्या हातचं संमतीपत्र.
चारित्र्याचा दाखला. तेहतीस वर्षांची झाले आणि आता तो मागायला जायचं.

११ नोव्हेंबर, सोमवार
सुलतानपूरला गेले. दहावीपर्यंत मामाकडे तिथंच होते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल पाहिजे होती. हेडमास्तर म्हणजे आमचे विज्ञानाचे सरच निघाले. चष्मा कपाळावर सारून बघत राहिले. "अगं, तू रेखा! गॅदरिंगची!"
चहा पाजला. "कशासाठी लागतो दाखला?"
"नोकरीसाठी, सर."
"वा! कुठली नोकरी?"
शिवणक्लासात शिकवायची, मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. सर एवढे खुश झाले की शिपायाला हाक मारून सांगितलं, ही आपली विद्यार्थिनी, मास्तरीण होऊन राह्यली.
येताना बसमध्ये सारखं तेच. ज्या माणसानं पहिल्यांदा मला गॅदरिंगच्या स्टेजवर ढकललं, त्यालाच खोटं सांगितलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पो. स्टे. अर्ज ऑनलाइन भरला होता, कागद दाखवायला बोलावलं. टेबलावरच्या जमादारानं 'कारण' रकाना मोठ्यानं वाचला. "कला केंद्रात नृत्य कलावंत म्हणून काम करण्यासाठी." बाकड्यावर सात-आठ माणसं. सगळ्यांच्या माना वळल्या. त्यातला एक आमच्या गल्लीतला रघू. मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आला होता.
जमादार म्हणाला, "खाजगी नोकरी लिहा ना ताई, काऊन एवढं उघडं लिहिता?"
"कारण हेच आहे साहेब. दुसरं लिहिलं तर यादीत चालत नाही म्हणतात."
मागे एकजण हसला. तेव्हा आतून नीलिमा मॅडम आल्या, हवालदार आहेत. मला खुर्ची दिली, कागद आपल्याकडे घेतले. "घरी चौकशीला मी येईन. शेजारच्या दोघांचे जबाब लागतील, नात्यातले चालणार नाहीत." वर न पाहता बोलल्या. बरं वाटलं, न पाहिल्याचं.

१५ नोव्हेंबर
समोरच्या काकूंकडे गेले. रघू त्यांचाच मुलगा. काका होते तेव्हा देवळाची पूजा त्यांच्याकडे होती, आता रघू करतो. काकूंनी माझ्या पोरीला, आरतीला, स्तोत्रं शिकवली, तिच्या तापात डोक्याशी बसल्या. मी सगळं स्पष्ट सांगितलं. काकू बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या.
"मी देते जबाब. खोटं कुठं बोलायचं आहे? तू चांगलीच आहेस. फक्त रघूला विचारते."
मी तिथंच समजले.

१६ नोव्हेंबर
काकूंचं दार लोटलेलं. संध्याकाळी काकूंनी शेजारच्या पोरीच्या हाती वाटीभर बेसनाच्या वड्या पाठवल्या. निरोप नाही. आरतीनं खाल्ल्या, मी एकही घेतली नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
आरतीला कळलं. शाळेतून आली ती दप्तर न काढता उभीच. आठवीत गेल्यापासून माझ्याएवढी उंच झाली. रघूच्या पुतणीनं सांगितलं असणार.
"आई, तू नाचते?"
"हाव."
"डान्स टीचर आहेस?"
"नाही. नाचते. लोकांसमोर. पुरुषमाणसांसमोर."
"ते हात लावतात?"
एवढं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, ऑर्केस्ट्रात लावायचा प्रयत्न करायचे, म्हणून तर जिथं कागद मागतात तिथं चालले. तिथं मध्ये अंतर ठेवतात, नियम आहे.
"आणि नियम मोडला कोणी तर?"
"तर मी थांबते. मी थांबली की ढोलकी पण थांबते."
ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडून बसली. झोपताना मात्र माझ्याच अंथरुणात आली. पाठ करून.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
बाबा तीन दिवस बोलत नाहीत. पंचायत समितीत तीस वर्षं बाबू होते, सगळ्या गल्लीचे अर्ज अजून तेच लिहून देतात. माझा अर्ज मी सायबर कॅफेतून भरला, तेच त्यांना लागलं की काय. की हे मी उगाच सोपं करून घेते?

२५ नोव्हेंबर, सोमवार
नीलिमा मॅडम चौकशीला आल्या. साध्या ड्रेसवर. बहुतेक मुद्दामच. वही काढली, बाबांना विचारलं, "मुलगी काय काम करते, तुम्हाला माहीत आहे?"
मी स्वयंपाकघराच्या दारात. पाण्याचा ग्लास हातात तसाच.
बाबा म्हणाले, "सहा वर्षांपासून माहीत आहे."
मॅडमनी लिहून घेतलं. बाबा थांबले नाहीत. "चिखलीले कार्यक्रम होता. मी मागं उभा राहून पाह्यला. पूर्ण. ठेका चुकत नाही तिचा."
नवऱ्याबद्दल विचारलं, नऊ वर्षं झाली सुरतला गेला, पत्ता नाही, असं बाबांनीच सांगितलं. मॅडम जाताना मला म्हणाल्या, जबाबाची माणसं पाहून ठेवा, परवा येते.
त्या गेल्यावर मी बाबांजवळ बसले. वाटलं, आता काहीतरी मोकळं होईल. ते पेपर उघडत म्हणाले, "मले माहीत आहे, म्हणजे मले पटलं, असं समजू नको."
"मग सांगितलं काऊन तसं?"
"सरकारी चौकशी होती. खरंच सांगावं लागते."

२६ नोव्हेंबर
जबाबासाठी गल्लीतल्या चक्कीवर गेले. गफूरचाचा पिठानं पांढरे. दोनदा विचारावं लागलं, चक्कीच्या आवाजात ऐकू जाईना. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टा बंद केला.
"एवढंच ना? येतो मी. तू एवढीशी होती तेव्हापासून तुयं दळण दळून राह्यलो बेटा. मले नाही माहीत तर कोणाले?"
चाचांनी पट्टा पुन्हा चालू केला.

दुसरं माणूस मिळेना. शेवटी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या देशपांडे मॅडमकडे गेले, आरतीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी आधी मला बसायलाही सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या कामाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. मला ते आवडत नाही, स्पष्ट सांगते. पण पालकसभेला वर्गातले सगळ्यात आधी येणारे पालक तुम्ही आहात. मुलीची वही रोज बघता. भांडण-तंटा कधी ऐकला नाही. एवढं सांगेन."
एवढंच पाहिजे होतं. जिन्यावर रडले.

२७ नोव्हेंबर
दोन्ही जबाब झाले. काकू खिडकीतून बघत होत्या. मी पाहिलं तसा पडदा पडला. त्यांची वाटी धुऊन ठेवली आहे, द्यायला पाय निघत नाही. राग नाही आला, खरं तर. त्यांना रघूच्या घरात राहायचं आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार
दाखला आला. एवढासा कागद. सदर महिलेविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही. वागणुकीबाबत आक्षेपार्ह आढळून आले नाही. चार वेळा वाचला. बाबांनी मागून घेतला, सही-शिक्का तपासला, म्हणाले, "जावक क्रमांक बरोबर आहे," आणि आपल्या फायलीत लावून ठेवला. त्या फायलीत आई गेल्याचा दाखला आहे, त्यांच्या पेन्शनचे कागद आहेत, घराचा उतारा आहे.
मी झेरॉक्स काढायला पुन्हा मागितला तर म्हणे, दोन प्रती काढ.

२० डिसेंबर, शुक्रवार
शोभाताईंकडे. यादीसाठी अधिकारी बाई आल्या होत्या, नव्या चार जणींना एकेकीला आत बोलावलं. संमतीपत्र समोर बसून लिहायचं. 'मी स्वखुशीने' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. खुशी? ढोलकीवर पहिली थाप पडते तेव्हा, हो. पहाटे आरतीचा डबा दुसऱ्या कोणी भरायचा, तेव्हा नाही. महिन्यातून दोनदा घरी, बाकी इथंच राहायचं. त्याला कोणता शब्द?
बाई म्हणाल्या, "कोणाचा दबाव आहे का? असेल तर आत्ता सांगा. दार बंद आहे."
"दबाव नाही, मॅडम. शब्द शोधून राह्यली होती."
"शब्द तोच लिहावा लागतो."
लिहिला. माझ्याबरोबरची एक पोरगी, वयाचा कागद नीट नव्हता, तिला परत पाठवलं. ती बाहेर पायरीवर बसून होती. शोभाताईंनी तिला जेवू घातलं, पण ठेवून घेतलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार
यादीत नाव चढलं. ओळखपत्राचा फोटो शोभाताईंनी मोबाइलवर पाठवला. नाव, जन्मतारीख, खाली 'नृत्य कलावंत'. फोटोत मी घाबरल्यासारखी. सोमवारी हजर व्हायचं.
बाबांना दाखवलं. मोबाइल लांब धरून पाहिलं. "आडनाव आपलं लावलं?"
"हाव. तुमचं."
नंतर आरतीला शाळेत सोडायचं, आणायचं, कोणत्या वारी काय, हे मला विचारून स्वतः कागदावर लिहून घेतलं. त्यांचं अक्षर अजून छापील.

आरती बॅग भरायला मदत करत होती. नऊवारीची घडी मला जमते त्याहून चांगली घातली तिनं. घडी घालताघालताच, माझ्याकडे न बघता,
"मी येऊ का एकदा पाह्याले?"
अठरा वर्षांखालच्यांना तिथं आत सोडत नाहीत. नियम आहे. तेवढं सांगितलं असतं तर मी सुटले असते.
नाही सांगितलं. म्हटलं, "तुले खरंच पाहायचं आहे?"
ती म्हणाली, "माहीत नाही. तू सांग."